अडलेल्या बाईची गोष्ट कुठून सुरू करायची?

मराठीत 'बाई अडली' एवढे दोन शब्द पुरतात. कळा येताहेत, पण बाळ खाली सरकत नाही. सुईण हात टेकते, घरातली माणसं देव पाण्यात घालून बसतात. पुढे बाई वाचली किंवा गेली, एवढ्यावर आपलं बोलणं संपतं. वाचलेल्या बाईच्या शरीराचं नंतर काय झालं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्या दोन कृतींबद्दल इथे लिहायचं आहे. पहिली कृती म्हणजे डॉ. कॅथरीन हॅमलिन यांनी जॉन लिटल यांच्या साथीनं लिहिलेलं 'द हॉस्पिटल बाय द रिव्हर' हे आत्मकथन. ते २००१ साली प्रसिद्ध झालं. दुसरी, 'अ वॉक टू ब्युटिफुल' हा मेरी ऑलिव्ह स्मिथ आणि एमी बुचर यांचा २००७ सालचा माहितीपट. २००८ मध्ये अमेरिकेतल्या 'नोव्हा' या विज्ञानमालिकेत त्याची आटोपशीर आवृत्ती दाखवली गेली. दोन्हींचा विषय एकच: इथिओपियातल्या अदिस अबाबा शहरातलं फिस्टुला रुग्णालय आणि तिथे येणाऱ्या बायका.

दोन्ही कृती जगभर गाजल्या. त्यांच्यामुळे या रुग्णालयाला मदत मिळाली आणि ज्या दुखण्याचं नावही कुणी घेत नव्हतं ते लोकांना कळलं. हे श्रेय मोठं आहे. पण विज्ञान शिकवणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं, तर दोन्हींमध्ये एक उणीव जाणवते. ती समजून घेतली तर शरीरशास्त्राबरोबरच कार्यकारणभाव कसा मांडावा, हेही आपल्याला शिकता येईल.

दुखणं काय आहे?

आपल्याकडे 'फिस्टुला' म्हटलं की भगंदर आठवतं. हे ते नव्हे. इथे फिस्टुला म्हणजे मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये पडलेलं भोक. काही वेळा ते गुदाशय आणि योनिमार्ग यांच्यामध्येही पडतं.

ते कसं पडतं हे समजायला फार मोठं वैद्यकशास्त्र लागत नाही. बोटाला दोरा घट्ट आवळून बांधला तर बोट पांढरं पडतं, कारण रक्त पुढे जात नाही. दोरा लगेच सोडला तर बोट पूर्ववत होतं. तो तसाच ठेवला तर मात्र पेशी मरू लागतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर जखमा होतात, त्याही अशाच: हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहते आणि तिचा रक्तपुरवठा तुटतो.

बाळंतीण अडते तेव्हा बाळाचं डोकं आईच्या ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात रुतून बसतं. गर्भाशय मात्र कळा देतच राहतं. मूत्राशयाचा आणि योनिमार्गाचा नाजूक भाग एका बाजूनं बाळाची कवटी आणि दुसऱ्या बाजूनं आईचं हाड यांच्यामध्ये चेंगरला जातो. असं एक दिवस, दोन दिवस, कधी त्याहूनही जास्त चालतं. बाळ बहुतेक वेळा दगावतं. मेल्यानंतर त्याची कवटी मऊ होते आणि मग ते बाहेर पडतं. बाई जिवंत राहिली तर तीन ते दहा दिवसांत तो मेलेला भाग गळून पडतो आणि तिथे भोक उरतं. तिथून लघवी सतत गळू लागते. ती थांबवणं बाईच्या हातात नसतं.

हे मधले दिवस महत्त्वाचे आहेत. गळती पुष्कळदा बाळंतपणानंतर काही दिवसांनी सुरू होते, म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड घालणं गावातल्या माणसांना अवघड जातं. मग शाप, पाप, करणी अशी स्पष्टीकरणं पुढे येतात. गळती कमी व्हावी म्हणून बाई पाणी प्यायचं टाळते. त्यामुळे लघवी दाट होते, आग वाढते, कधी मूत्रखडेही होतात. काहींच्या पायाकडे जाणारी नस दबलेली असते, त्यांना पाऊल उचलता येत नाही. बाळ गेलं, अंगाला वास येतो, नवरा सोडतो, शेजार तुटतो. एका अडलेल्या बाळंतपणातून इतकं सगळं निघतं.

दुखणं नवं नाही. इजिप्तमधल्या हेनहेनित या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या राजस्त्रीच्या ममीत अशी जखम असल्याचं डग्लस डेरी यांनी १९३५ साली नोंदवलं. म्हणजे राजवाड्यातली बाईही यातून सुटत नव्हती. आज सुटते. आज हे दुखणं जवळजवळ पूर्णपणे गरिबांचं उरलं आहे. असं का झालं, हाच या विषयातला खरा प्रश्न आहे.

पुस्तकाचं आणि चित्रपटाचं बळ

कॅथरीन हॅमलिन मूळच्या सिडनीच्या, त्यांचे पती रेजिनाल्ड न्यूझीलंडचे. दोघंही स्त्रीरोगतज्ज्ञ. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातली जाहिरात वाचून १९५९ साली ते अदिस अबाबाला गेले. तिथल्या प्रिन्सेस त्सेहाय रुग्णालयात सुइणींसाठी शाळा काढायची, असं ते काम होतं. तिथे त्यांना फिस्टुलाच्या बायका भेटल्या आणि काही वर्षांची नोकरी म्हणून पत्करलेलं काम आयुष्यभराचं झालं. या दुखण्यावरची शस्त्रक्रिया त्यांना येत नव्हती. ती त्यांनी जुने शोधनिबंध आणि आकृत्या अभ्यासून शिकून घेतली. पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यावर, सम्राट हाइले सेलासी यांची सत्ता उलथण्याच्या धामधुमीत, केवळ या दुखण्यासाठीचं स्वतंत्र रुग्णालय उभं राहिलं. रेजिनाल्ड १९९३ साली वारले. कॅथरीन यांचं निधन १८ मार्च २०२० रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी झालं.

पुस्तक हे सारं साध्या, सरळ भाषेत सांगतं. लेखिका श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत आणि ते लपवत नाहीत. ज्याला ही श्रद्धा नाही त्यालाही पुस्तक खुपत नाही, कारण त्यात कामाचा तपशील भरपूर आहे. राजवट बदलते, पैसे संपतात, तरी रुग्ण येत राहतात, आणि रोजचं काम चालू राहतं.

चित्रपट वेगळ्या वाटेनं जातो. तो पाच बायकांच्या मागे चालतो. त्यांतली एक पंचविशीतली बाई घरामागे आडोसा करून त्यात एकटी राहते. बायका स्वतः बोलतात, त्यांच्या वतीनं दुसरं कुणी बोलत नाही. आधी डोंगरातून पायी, मग बसनं, असा लांबचा प्रवास करून त्या रुग्णालयात पोचतात. तिथे आपल्यासारख्याच बायकांनी भरलेला वॉर्ड पाहून त्यांना कळतं, की हे दुखणं आपल्या एकटीला झालेलं नाही. शस्त्रक्रियेइतकाच हा क्षणही औषधाचं काम करतो, आणि दिग्दर्शिकांनी तो नेमका ओळखला आहे.

चित्रपटाची आणखी एक गोष्ट फार आवडली. तो अपयश लपवत नाही. अनुभवी शल्यविशारदाच्या हाती दहापैकी नऊच्या आसपास भोकं बुजतात. पण भोक बुजलं म्हणजे बाई कोरडी झाली असं नाही. मूत्राशय आक्रसलेलं असेल, लघवी धरून ठेवणारा भागच नष्ट झाला असेल, तर टाके उत्तम पडूनही गळती उरते. चित्रपटात अशा बायका आहेत. एकीला पूर्ण बरं न होताही काम मिळतं, पायांवर उभं राहता येतं. 'बरं होणं' या शब्दाचा अर्थ चित्रपट इथे मोठा करतो. प्रसिद्धीसाठी केलेल्या चित्रपटात असा प्रामाणिकपणा क्वचित असतो.

पहिली उणीव: गोष्ट उशिरा सुरू होते

आता उणिवेकडे वळू. दोन्ही कृतींत गोष्ट सुरू होते ती भोक पडल्यानंतर. पुस्तकात बाई रुग्णालयाच्या दारात येते तिथून, चित्रपटात ती आडोशाला राहते तिथून. कळांचे ते दिवस पडद्यावर नाहीत. बायका ते आठवून सांगतात. त्यामुळे गोष्टीचा आकार ठरून जातो: दुःख, प्रवास, शस्त्रक्रिया, नवा कपडा, घर. हा आकार मनाला भिडतो. पण त्यात शस्त्रक्रिया हे उत्तर होऊन बसतं आणि प्रश्न नेमका कोणता होता हे विसरायला होतं.

हीच गोष्ट पाच दिवस आधी सुरू केली तर? तर तिचा नायक शल्यविशारद राहणार नाही. कदाचित तो एक कागद असेल.

त्या कागदाला पार्टोग्राफ म्हणतात. तो आलेखच आहे. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते सेंटिमीटरमध्ये. पूर्ण उघडणं म्हणजे १० सेंटिमीटर. अमेरिकेत फ्रीडमन यांनी १९५४ साली कळांची प्रगती अशी आलेखावर मांडली. १९७२ साली त्या वेळच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल यांनी त्यावर दोन तिरप्या रेषा काढल्या. पहिली सावधानतेची रेषा, तिचा चढ ताशी १ सेंटिमीटर. दुसरी तिला समांतर, चार तास उजवीकडे. ती कृतीची रेषा. बाईचा आलेख पहिल्या रेषेच्या उजवीकडे घसरला तर छोट्या दवाखान्यातल्या सुइणीनं तिला मोठ्या रुग्णालयात हलवायचं. दुसरी रेषा गाठली तर काहीतरी निर्णय घ्यायलाच हवा. मधले चार तास मुख्यतः प्रवासासाठी. रस्ता किती लांब आहे याचा हिशेब त्या आलेखातच केलेला होता, हे त्याचं वैशिष्ट्य.

एक उदाहरण घेऊ. सकाळी ८ वाजता तोंड ४ सेंटिमीटर उघडलं आहे. दुपारी १२ वाजता ते ५ आहे. सावधानतेची रेषा सांगते, आतापर्यंत ८ व्हायला हवं होतं. म्हणजे बाई रेषेच्या बरीच उजवीकडे आहे. दुसरी रेषा ५ वर कधी येते? दुपारी १ वाजता. म्हणजे हातात एक तास उरला आहे. गाडी आत्ताच बोलवायला हवी. नववीतल्या मुलीलाही हे गणित सुटेल. भोक पडायला जे दिवस लागतात, त्यांच्या कितीतरी आधी हा कागद हाक मारतो.

हाक मारून फरक पडतो का? जागतिक आरोग्य संघटनेनं इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंडमध्ये ३५,४८४ बाळंतपणांवर हे तपासलं. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: १८ तासांहून लांबलेली बाळंतपणं ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आली. पुढच्या अभ्यासांनी या आलेखाच्या मर्यादाही दाखवल्या. ताशी १ सेंटिमीटर हा चढ प्रत्येक बाईला लागू नाही, असं याच संघटनेनं २०१८ साली सांगितलं आणि २०२० साली या तिरप्या रेषा वगळून नवा तक्ता काढला. रेषा बदलल्या, पण लक्ष ठेवा, नोंदवा आणि वेळेत हलवा, हे तत्त्व कायम राहिलं. कागद आपोआप कुणाला वाचवत नाही हेही खरं. तो भरणारी प्रशिक्षित सुईण हवी, आणि पुढे गाडी, रस्ता, सिझेरियन करणारा डॉक्टर आणि रक्त हवं.

युरोप-अमेरिकेत हे दुखणं नाहीसं झालं ते याच वाटेनं. तिथे फिस्टुलाची शस्त्रक्रिया सुधारली म्हणून नव्हे, तर बाई दोन-दोन दिवस अडून राहणंच थांबलं म्हणून. पुस्तक आणि चित्रपट यांत हे येतं, पण ओझरतं.

भोक पडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही बरंच करता येतं. मूत्राशयात रबरी नळी घालून ते चार ते सहा आठवडे सतत रिकामं ठेवलं, तर लहान, ताजी भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात. नळी साध्या दवाखान्यातही घालता येते. अशी नळी वेळेवर मिळालेली बाई अदिस अबाबाच्या बसमध्ये कधी बसणारच नाही. म्हणूनच ती चित्रपटातही दिसणार नाही. यशस्वी प्रतिबंधाची हीच अडचण आहे. त्याचं चित्र काढता येत नाही.

दुसरी उणीव: कारण कुणात शोधायचं?

दोन्ही कृती पाहिल्यावर वाचकाच्या मनात एक चित्र पक्कं होतं: लहान वयात लग्न झालेली, खुरटलेली, काबाडकष्ट करणारी मुलगी. हे चित्र खोटं नाही. मुलीची उंची वाढणं थांबल्यावरही ओटीपोटातला जन्ममार्ग काही वर्षं रुंदावत राहतो, म्हणून पंधराव्या वर्षीचं बाळंतपण धोक्याचं. लहानपणी पोटभर न मिळालेल्या मुलीची हाडं लहान राहतात, तेही खरं. बालविवाह थांबवायला हवेत यात शंका नाही.

पण कारण म्हणून हे अपुरं आहे. त्याची तपासणी वर्गात करतो तशीच करावी: कारण असूनही परिणाम झाला नाही, किंवा कारण नसताना परिणाम झाला, असं कुठे दिसतं का? दोन्ही दिसतं. सिझेरियनची सोय जवळ असलेल्या शहरातल्या सतरा वर्षांच्या मुलीला फिस्टुला होत नाही. उलट अनेक देशांतल्या नोंदींमध्ये चौथ्या, सहाव्या बाळंतपणात फिस्टुला झालेल्या प्रौढ बायका मोठ्या संख्येनं सापडतात. आधीची मुलं सुखरूप झालेली. या खेपेला बाळ मोठं होतं किंवा आडवं होतं. या चित्रपटातल्या पाच जणीही एका वयाच्या नाहीत. चित्रपटाचं स्वतःचं साहित्यच त्याच्या सोप्या स्पष्टीकरणाला छेद देतं, पण निवेदन तिकडे वळत नाही.

कोणतं बाळंतपण अडेल हे आधी खात्रीनं सांगता येत नाही. साधारण शंभरात पंधरा बाळंतपणांत काहीतरी गुंतागुंत होते, असं धरलं जातं. ती कुणाच्या वाट्याला येईल ते माहीत नसतं, म्हणून सोय सर्वांनाच हवी. थॅडियस आणि मेन यांनी १९९४ साली या विलंबाचे तीन टप्पे सांगितले: घरातून निघायचं ठरवण्यात, दवाखान्यात पोचण्यात, आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. पहिल्या टप्प्यात रूढी, नवरा, सासू, पैसा येतात. दुसऱ्यात रस्ता आणि गाडी. तिसऱ्यात डॉक्टर, भूल, रक्त, वीज. मुलीचं वय आणि गावाची रूढी यांवरच बोट ठेवलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही. सरकार सुटतं, सावकारी अटींवर कर्ज देणारे सुटतात, आणि दोष येतो तो अडलेल्या बाईच्या हाडांवर.

इथिओपियात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे घडलं तेही पाहा. २००० सालच्या कायद्यानं लग्नाचं किमान वय १८ केलं. २००३ पासून गावोगावी आरोग्यसेविका नेमल्या गेल्या, त्यांची संख्या तीस हजारांच्या वर गेली. २००५ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून झालेली बाळंतपणं शंभरात सहा होती, २०१६ च्या पाहणीत २८, आणि २०१९ च्या पाहणीत ५०. एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००० च्या पाहणीत ८७१ होते, २०१६ च्या पाहणीत ४१२. हॅमलिन यांनीही शेवटी हीच दिशा धरली. चित्रपट आला त्याच वर्षी, २००७ साली, त्यांच्या संस्थेनं सुइणींचं महाविद्यालय सुरू केलं. १९५९ साली ज्या कामासाठी त्या आल्या होत्या, तिथेच जवळजवळ पन्नास वर्षांनी त्या परतल्या. पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणात खरं म्हणजे हे यायला हवं होतं. आणि ही प्रगती कायमची नसते, हेही लक्षात ठेवायला हवं: २०२० ते २०२२ च्या युद्धात तिग्राय भागातली आरोग्यव्यवस्था उद्ध्वस्त झाली.

तिसरी गोष्ट: नायक कोण?

या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुतेक ठिकाणी जे. मॅरियन सिम्स या अमेरिकन डॉक्टरपासून सांगितला जातो. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी इथे त्यांनी चांदीच्या तारेचे टाके घालून फिस्टुला बुजवण्याची रीत बसवली आणि १८५२ साली ती प्रसिद्ध केली. प्रयोग झाले ते गुलाम स्त्रियांवर, भूल न देता. अनार्का, लुसी आणि बेट्सी ही तीन नावं आपल्याला माहीत आहेत. एकट्या अनार्कावर तीसेक वेळा शस्त्रक्रिया झाली. गुलामाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तिच्या संमतीला अर्थ नव्हता. न्यूयॉर्कमधल्या सेंट्रल पार्कच्या कडेला असलेला सिम्स यांचा पुतळा २०१८ साली हलवण्यात आला. शोध खराच होता. पण तो ज्यांच्या देहावर लागला त्या स्त्रिया गोष्टीतून दीड शतक गायब होत्या.

या पार्श्वभूमीवर हॅमलिन यांच्या रुग्णालयातल्या ममितू गाशे उठून दिसतात. त्या रुग्ण म्हणून आल्या, शाळेत न गेलेल्या. बऱ्या झाल्यावर तिथेच राहून खाटा आवरू लागल्या, मग शस्त्रक्रियेत हाताशी अवजारं देऊ लागल्या, मग टाके घालू लागल्या, आणि अखेर बाहेरून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना दाखवू लागल्या. १९८९ साली इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनं हॅमलिन दांपत्याबरोबर त्यांनाही सुवर्णपदक दिलं. शिक्षकानं थांबून विचार करावा अशी ही गोष्ट आहे. पदवी नसलेल्या हाताला इतकं कौशल्य येतं, कारण कुणीतरी तिला जवळ उभं करून शिकवलं आणि ती शिकू शकेल यावर विश्वास ठेवला. माझ्या मते पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. तरीही जगाला आठवतं ते परदेशी डॉक्टरांचंच नाव. याला पुस्तकापेक्षा आपण वाचक जास्त जबाबदार आहोत.

हे आपलं आहे का?

इथिओपियाची गोष्ट आपण कशाला वाचायची, असं कुणी विचारेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात दवाखान्यात होणारी बाळंतपणं १९९२-९३ मध्ये शंभरात सुमारे २६ होती; २०१९-२१ मध्ये ती ८८.६ झाली. अडून फिस्टुला होणं त्यामुळे आपल्याकडे कमी झालं आहे. पण प्रश्न मिटलेला नाही. घाईत किंवा अपुऱ्या कौशल्यानं केलेल्या सिझेरियनमध्ये, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेतही मूत्राशयाला इजा होऊन असंच भोक पडू शकतं. शिवाय बाळंतपणाच्या इतर इजा आहेतच: नीट न शिवलेली फाटलेली जागा, खोकताना गळणारी लघवी, 'अंग बाहेर येणं'. त्या बायका तशाच अंगावर काढतात.

किती अंगावर काढतात, हे महाराष्ट्रातच मोजलं गेलं आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. इथे रस्त्याइतकाच गप्प राहण्याचाही अडथळा आहे. गप्प राहायला मुली शिकतात कुठे? काही अंशी आपल्या वर्गात. प्रजननाचा धडा 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडला जातो, तेव्हा आपण त्या मुलींना या गोष्टी बोलायच्या नसतात असंच शिकवत असतो.

म्हणून दोन सूचना. पुस्तक शाळेच्या शिक्षकवाचनालयात जरूर असावं. चित्रपट वरच्या वर्गांना दाखवावा, पण आधी स्वतः पाहून. दाखवून झाल्यावर मुलांना लगेच 'काय वाटलं' असं विचारू नये. आलेखाचा कागद द्यावा, दोन तिरप्या रेषा काढायला सांगाव्यात. मग आपल्या गावाहून सिझेरियनची सोय असलेलं रुग्णालय किती किलोमीटर आहे, रात्री दोन वाजता तिथे पोचायला किती वेळ लागेल, हे विचारावं. ते चार तासांत बसतं का, हे मुलं मोजतील. काही गावांत बसेल, काही पाड्यांवर बसणार नाही, पावसाळ्यात तर नाहीच. ते उत्तर मुलांनी स्वतः काढलेलं असेल. भूगोल, गणित आणि शरीरशास्त्र तिथे एकाच कागदावर येतात.

'द हॉस्पिटल बाय द रिव्हर' आणि 'अ वॉक टू ब्युटिफुल' या दोन्ही चांगल्या कृती आहेत. दुखणं झालेल्या बाईकडे माणूस म्हणून पाहायला त्या शिकवतात, आणि ते थोडं नाही. ते दुखणं होऊच नये म्हणून काय लागतं, हे मात्र त्यांच्यातून पुरतं कळत नाही. तेवढा भाग वर्गात आपण भरून काढायचा आहे.